पडवीतलं बांडगूळ

योगिनीवहिनी,

मी भाट्याला मैत्रिणीकडे राहायला जातेय. परत येणार नाही. माझं सगळं सामान नेलंय, पडवीतलं ऑर्किड तेवढं ठेवलंय. ते तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे. कळ्या धरल्यावर जागा बदलली तर त्या गळतात.

त्याला तुळशीसारखं रोज पाणी घालू नका. कुंडीतलं नारळाचं सोडण हाताला कोरडं लागलं तरच घाला. बाहेर लोंबणारी मुळं छाटू नका. गेल्या वर्षी ‘झिंज्या’ म्हणून छाटलीत आणि ते फुललंच नाही.

काल पाहुण्यांसमोर म्हणालात, “आमच्याकडे बांडगुळं दोन. एक पडवीत, एक माडीवर.” दादाही हसला. दोघांची चूक दुरुस्त करते. बांडगूळ झाडाचा रस पितं. ऑर्किड झाडावर नुसतं बसतं, पोट आपलं आपण भरतं.

फुलं आली की कुंडी बाहेरच्या पायरीवर ठेवा. मी तिथूनच नेईन.

मुलांची रिक्षा पावणेसातला येते. सात वर्षं त्यांचे डबे कोण भरत होतं, ते उद्या साडेपाचला उठलात की कळेल.

— ज्ञानेश्वरी