इस्कोची सिंता

मिलपिटस, शनिवार सकाळ

प्रिय यामिनी,

कॉलेज सोडलं त्या दिवशी माझं काही बदललं नव्हतं, फक्त पार्किंगचा पास गेला. सगळं बदललं ते तुमच्या ड्राइव्ह-वेमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर. आत तुझे बाबा, त्र्यंबककाका, म्हणाले होते, "अर्धवट शिकलेल्याने आमच्या मुलीचं नाव घेऊ नये," आणि मी सगळ्या मंडळींसमोर त्यांना असं काही सुनावलं की तुझी आई मोदकांचं ताट धरून तशीच उभी राहिली. दोन वाक्यांचं काम होतं. स्वातंत्र्य, व्हिसा, बापांची पिढी, मी काही सोडलं नाही. बाहेर आल्यावर वाटलं, तू टाळ्या वाजवशील. तू गाडीला टेकून म्हणालीस, "निमिष, मी दमले रे." ओरडली असतीस तर उलट ओरडलो असतो. दमलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येत नाही.

आणि आता हा तुझा मेसेज. आज दुपारच्या फ्लाइटने तुम्ही प्लेनोला निघताय, देवांगच्या घरी. बघण्याचा कार्यक्रम नाही म्हणे, 'नुसतं भेटायला'. त्याआधी येऊन बाबांशी शांतपणे बोलतोस का, हो की नाही, एवढंच सांग. मी उत्तर लिहायला बसलो की पानंच्या पानं होतात. खोडतो, परत लिहितो. बेकरीत पहाटेची शिफ्ट, हात मैद्याने जड झालेले, आणि डोक्यात तुझ्या बाबांशी वाद चालूच. यार, मनातल्या मनात भांडूनही माणूस थकतो.

बेकरीची मालकीण लोला रेमी तुला आठवत असेल, तुला जबरदस्तीने गोड पाव खायला घालणारी. लोला म्हणजे फिलिपिनोंची आजी. माझा चेहरा बघून तिने विचारलं, कुणाशी भांडतोयस? म्हटलं, सगळ्यांशी. मग तू आमचा इस्कोच, ती म्हणाली, आणि सांगायला लागली. तिच्या आजीची थोरली बहीण लूमिंग, ती इस्कोची सिंता होती. मी भाबडेपणाने विचारलं, "कसली चिंता होती त्याला?" भट्टीपासून काउंटरपर्यंत सगळे हसले. सिंता म्हणजे त्यांच्याकडे प्रेयसी! शब्द मुळात आपलाच, संस्कृत. कधीकाळी समुद्रावरून तिकडे गेला आणि चिंतेची प्रियतमा झाली.

इस्को मनिलात वकिली शिकत होता. राज्य स्पेनचं, वर्गात पाद्री. एकदा पाद्री त्याच्या लोकांबद्दल काहीतरी घाण बोलला, यानं उलट उत्तर दिलं, पुस्तकं बाकावर टाकली आणि निघून गेला. माझ्याएवढाच होता. गुप्त संघटनेत शिरला, दंडाला चीर देऊन रक्ताने सही केली. सरकारी कराचा दाखला खिशात नसला तर शिपाई उचलून न्यायचे, तो यानं चारचौघांत टराटरा फाडला. इथपर्यंत मी मळायचं विसरून ऐकत होतो. हा तर मीच! लोला म्हणाली, थांब, हीरोगिरी संपली, आता नुसतं चालणं आहे. बंदुका मोजक्या, बाकीच्यांकडे कोयते. पावसात डोंगर चढायचे, पायांना चिखल्या, अंगात ताप, पोटात काही नाही. जिंकलेलं गाव थोड्या दिवसांत हातचं जायचं. ज्यांच्याबरोबर रक्ताने सही केली त्यांना पुरून पुढे निघायचं. आणि वर पुढारी कोण, यावरून आपसांत भांडणं. शेवटी शेवटी तो बसला की उठायला वेळ लागायचा, लोला म्हणाली. तेवीस वर्षांचाही नव्हता.

एकदा तो सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन, मजूर बनून लूमिंगच्या दारात आला. कोपऱ्यावर स्पॅनिश शिपाई उभे. तिने मोळी उतरवून घेतली आणि विचारलं, "मला बरोबर नेतोस का?" इस्कोने भाषण केलं. मातृभूमी, साखळदंड, हुतात्म्यांचं रक्त. लूमिंगने ते सगळं ऐकून घेतलं, भाताची पुरचुंडी बांधून दिली, तो गेला. पावसाळा संपायच्या आत एका नदीकाठी तापाने गेला. स्पॅनिश गेलेले त्याने पाहिलेच नाहीत. आता जूनमध्ये इथल्या पार्कात लोलाची मंडळी स्वातंत्र्यदिन करतात तेव्हा त्याचं नाव घेतात. लूमिंग म्हातारी होऊन वारली. ती म्हणायची, "भाषण फार सुंदर होतं. पण मी विचारलं होतं, नेतोस का. तेवढं सांगायचं राहिलं त्याचं." बायकाही लढत होत्या तेव्हा. लूमिंगने आपला कोयता पाजळून दाराआड ठेवला होता.

मी गोळे वळत बसलो. "तुझी चिंता वाटते रे," तू म्हणायचीस, आणि मी भडकायचो, कसली चिंता, मी काय कुक्कुलं बाळ आहे? तिकडच्या लोकांना त्या शब्दातलं बरोबर कळलं, बघ. आणि मी काही इस्को नाही. त्याच्यासमोर साम्राज्य होतं. माझ्यासमोर तुझे बाबा आहेत, गुडघ्याला पट्टा बांधून कॉस्टकोच्या दुकानात फिरणारे. त्यांच्याशी लढून लढून मी इतका थकलोय की त्यांनी खुर्ची दिली तर आधी बसेन.

तर हे पत्र कागदावर का, ते सांगतो. तोंड उघडलं की माझं भाषण सुरू होतं, म्हणून. हेही झालंच म्हणा. तू विचारलं होतंस, हो की नाही. हो. येतो. काकांनी कॉलेजचं विचारलं तर सांगेन, अजून ठरलेलं नाही. ओरडले तर ऐकून घेईन. त्यांचं झालं की एवढंच म्हणेन, मला यामिनी हवी आहे, तिला मी हवा आहे का ते तिलाच विचारा. पुढचं तू बोल, प्लेनोला जायचं असलं तर तेही. मी मधे तोंड घालणार नाही. हे पत्र दारात तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत बाहेर उभा राहीन. लोलाने माझा अ‍ॅप्रन काढून घेतलाय, जा म्हणतेय. कागद घडी करून खिशात घालतोय, आणि बेकरीचं दार मागे ओढून घेऊन निघालोच.

तुझाच, दमलेला,
निमिष