आईच्या सीटपुढची चटई

बाबा,

पिकअपखाली पसरलेला पुठ्ठा कोरडाठाक आहे. तरी रेडिएटरमधलं कूलंट कमी होतंच. मग ते जातं कुठे, या विचारानं मला चैन पडेना. आपण गाडी खालून चाचपत बसलो, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. आज आईच्या सीटपुढची चटई उचलली, तर खाली सगळं ओलंचिंब. गोडसर वासही कूलंटचाच. हेच कूलंट ज्यातून फिरतं, तो केबिनचा हीटर आतल्या आत पाझरतोय.

आई रुसून मावशीकडे गेल्यापासून तिथे कोणी बसलंच नाही, नाहीतर चपला भिजल्या भिजल्या तिनं तुम्हाला फैलावर घेतलं असतं.

मी हीटर आणायला जातेय. चटई उन्हात टाका आणि तिला फोन करा. तुझी जागा वाळवतोय, एवढंच सांगा. पुढचं ती विचारेल.

धाकटी