छतावरचा मऊ उजेड

४ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून फोटोग्राफी सीरियसली. फक्त इंटिरिअर. माणसं हलतात, डोळे मिटतात, वर फोटो नीट आला नाही म्हणून रुसतात. खोल्या बऱ्या. निश्चय: फोटोग्राफीच्या ग्रुपवर रोज एक फोटो.

५ फेब्रुवारी
आमच्या हॉलचा फोटो टाकला. दोन लाइक. एक माझाच. ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणाला, खिडकी पांढरीफटक आणि बाकी सगळा काळोख. लेन्सचा दोष. बायको म्हणाली, आधी खिडकी पुसा. तिला यातलं कळत नाही.

६ ते ८ फेब्रुवारी
सर्दी.

९ फेब्रुवारी
मामाचा फोन. त्याचा रिकामा फ्लॅट भाड्याने द्यायचाय, जाहिरातीला फोटो हवेत. म्हणाला, घरात कलाकार असताना बाहेर कशाला जाऊ? मामा उगाच स्तुती करणारा नव्हे. चार वर्षांत पहिलाच फोन, पण त्याला वेळ कुठे असतो.

११ फेब्रुवारी
फ्लॅट पाहिला. बेडरूमच्या छतात वरच्या बाथरूमची ओल मुरलीय. गिलावा परातीएवढा फुगलाय. खिडकीतून तिरपा उजेड येतो, त्यात फुगवटा असा उठून दिसतो की फोटोत दुसरं काही दिसतच नाही. मामाला म्हटलं, आधी हे दुरुस्त करून घे. तो म्हणाला, कित्येक वर्षं तसंच आहे, तू तुझं काम कर. बरोबर आहे. मी गवंडी नाही.

१२ फेब्रुवारी
ग्रुपवर सल्ला मागितला. अ‍ॅडमिनने सांगितलं: पडदे ओढ, फ्लॅश समोर नको, पाठीमागच्या भिंतीवर मार. उजेड मऊ होऊन सगळीकडे सारखा पसरेल. सावली नाही तर फुगवटाही नाही. एका बाईंनी लिहिलं, अहो, ते छत कुणाच्या तरी डोक्यात पडेल. विषय लायटिंगचा होता. अ‍ॅडमिनने कमेंट उडवली.

१४ फेब्रुवारी
जमलं! छत साईसारखं. एकशे बारा लाइक. अ‍ॅडमिनने लिहिलं, मास्टरक्लास. तीनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, ऐकलं.

२१ फेब्रुवारी
फ्लॅट गेला. परगावचे एक रिटायर्ड कंपाउंडर आणि त्यांची बायको. मामा म्हणाला, फोटो पाहूनच हो म्हणाले. कलेची ताकद! बायकोने विचारलं, त्यांना छताचं सांगितलंत का. म्हटलं, ते मामाचं काम. ती म्हणाली, मामा सांगणार नाहीत हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. उद्या नक्की फोन करतो.

२२ फेब्रुवारी
रविवार असूनही ऑफिसात ऑडिट. राहिलं.

२७ फेब्रुवारी
मामाकडे कंपाउंडरांचा नंबर मागितला. तो म्हणाला, उगाच म्हाताऱ्या माणसांना घाबरवू नकोस. यातही तथ्य आहे. त्या वयात टेन्शन वाईट. पत्ता माहीत आहे, रविवारी सहज चक्कर मारेन.

१ मार्च, रविवार
ग्रुपचा ऑनलाइन वर्ग होता. शिकवणारा मीच. विषय: अडचणीची छतं. चक्कर पुढच्या रविवारी.

८ मार्च, रविवार
ऊन फार.

१३ मार्च
मामाचा फोन. दुपारी गिलावा कोसळला. कंपाउंडरांच्या पत्नी खाली झोपलेल्या. डोक्याला मार, शुद्ध नाही. मामा म्हणाला, ते फोटो ग्रुपवरून आधी काढ. काढले. लाइकही गेले.
पंखा फुल स्पीडवर ठेवला असणार, हादरे बसतात. पलंगही नेमका तिथेच लावायला नको होता. हे बायकोला सांगितलं. ती आत गेली आणि तिने कडी लावली.

१५ मार्च
ठरलं. उद्या हॉस्पिटलात जायचं आणि खरं काय ते सांगायचं. कागदावर मुद्दे काढले. पहिला मुद्दा: मी मामाला दुरुस्ती सुचवली होती. बायको म्हणाली, मुद्दे कसले काढता, पाय धरा त्यांचे.

१६ मार्च
पोचलो तेव्हा बाई गेल्या होत्या. पहाटेच.
कंपाउंडर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. मांडीवर बाईंच्या साडीची घडी. मी शेजारी बसलो. कागद खिशातच राहिला. त्यांनी विचारलं, आपण कोण. म्हटलं, घरमालकांचा भाचा. घराचे फोटो मी काढले होते.
ते म्हणाले, "आम्ही आधी घर बघायला येणार होतो. तिकिटंही काढली होती. ही म्हणाली, फोटो इतके छान आहेत, सगळं स्वच्छ दिसतंय, कशाला ती दगदग."
मी थँक यू म्हणालो.