बटण आणि उघडं दार

दि. ४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

बटण कसा आहे म्हणून विचारलंस. तो मजेत आहे, हाल आमचे चाललेत. शिवणाच्या दुकानाचं दार दिवसभर उघडझाप करणार, आणि ते जरा किलकिलं झालं की हे कुत्रं रस्त्यावर. काल एका वकिलांच्या अंगावर कोट घालून बघत होतो. एक बाही लागलेली, दुसरी माझ्या हातात, आणि बटण पसार. मी तसाच धावलो, मागे तुझी वहिनी कात्रीसकट, तिच्यामागे एका बाहीचे वकीलसाहेब. चौकातल्या लोकांना वाटलं, आम्ही एकमेकांच्या जिवावर उठलोय. शेवटी बिस्किट दाखवून त्याला आणला.

हसतोय खरा, पण एक टेम्पो त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला. तुझी वहिनी म्हणते, पुरे झालं, त्याला तुझ्याकडे पाठवू, तुझ्या घराला फाटक आहे. तिचं बरोबर आहे, म्हणूनच मला झोंबतं. तो मशीनच्या पायाशी झोपलेला नसला तर माझं कामात लक्ष लागायचं नाही. काहीतरी उपाय कळव.

आठवण ठेवणारा,
दादा

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वकीलसाहेबांचं वाचून हसून हसून पोट दुखलं, आणि टेम्पोचं वाचून पत्र तिथेच खाली ठेवलं. अरे, पळायला त्याला तुम्हीच शिकवलंत. तो पळाला की तीन माणसं मागे धावतात आणि वर बिस्किट मिळतं. मी असते तर मीही रोज पळाले असते.

आता धावणं बंद. गळ्यात लांब दोरी बांध आणि बिस्किट दे ते आत बसल्याचं. तू दाराला हात लावलास आणि तो उठला, की हात मागे घे. बसला की बिस्किट. मग दार बोटभर उघड, मग वीतभर. तू ‘जा’ म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, एवढंच त्याला कळू दे. वेळ कुठे आहे म्हणू नकोस. कोटाला कच्चे टाके घालून, अंगावर बघून, उसवून पुन्हा घालताना तू कधी कंटाळत नाहीस. हे तसंच समज.

महिनाअखेरीस मी येते. तोवर जमलं नाही तर त्याला घेऊन जाईन, तू रुसलास तरी. वहिनीला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
छोटी

दि. २० फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

कच्चे टाके पडलेत. दार अर्धं उघडलं तरी साहेब बसून राहतात. परवा मात्र टपालवाला आला आणि सगळी शिलाई उसवली. दोरी होती म्हणून वाचलो. पुन्हा बोटभरापासून सुरुवात केली. गिऱ्हाइकांनाही शिस्त लागलीय. वकीलसाहेब बाहेर उभे राहून विचारतात, आत येऊ की परीक्षा चालू आहे. तुझी वहिनी वरवर कुरकुरते, पण मागच्या दारापाशी ती चोरून त्याचा सराव घेते, मी पाहिलंय.

तू येतेस म्हणून आनंद झाला असं लिहायला हवं. खरं सांगतो, धास्ती वाटते. तरी ये. जीव लावून आहोत.

दादा

दि. ५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तिथे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

रस्ता मोकळा बघून मी दार सताड उघडलं आणि बाहेरून मुद्दाम हाक मारली. तो मला वर्षाने बघत होता. सगळं अंग थरथरत होतं, शेपटीने फरशी झाडत होता, पण बूड उचललं नाही. तो तुझ्याकडे बघत होता, आणि तुझ्या तोंडून ‘जा’ फुटेना. वहिनीने पाठीत बोट खुपसलं तेव्हा कुठे म्हणालास. मग काय, त्याने माझं तोंड चाटून काढलं, दोन उड्या मारल्या, आणि कुणी न बोलावता उघड्या दारातून आत जाऊन तुझ्या मशीनपाशी पडला. मी नेण्यासाठी आणलेला पट्टा पिशवीतून काढलाच नाही.

तो पट्टा वहिनीने बहुतेक पाहिला होता. निघताना तिने मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, आता मागितलास तरी द्यायची नाही.

दोघांना नमस्कार, तिसऱ्याला बिस्किट. असाच लळा असू द्या.

तुझी,
छोटी