बांधावरच्या खोकडांची तजवीज

मी, कादर दगडूभाई तांबोळी, वय ७१, धंदा पूर्वी लग्नाचे फोटो, हल्ली पाखरांचे, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डॉ. पंकजा कुलट यांनी मला तपासून अक्कल शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. माझा मुलगा जीशान याचे मत वेगळे आहे, पण तो डॉक्टर नाही.

आमच्या शरियतप्रमाणे मला एक तृतीयांश मिळकतीपुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि तेही वारसांना सोडून. बाकीची वाटणी ठरलेली आहे. तेव्हा त्या बाकीच्याबद्दल मी हुकूम करत नाही, फक्त मत देतो. मत द्यायला कोणताही कायदा आड येत नाही.

१. भिंगारचे घर व स्टुडिओ जीशान आणि मुलगी मेहरीन यांना हिश्श्याप्रमाणे जाईल. माझे मत : स्टुडिओतला काश्मीरचा पडदा टाकून देऊ नये. निम्म्या भिंगारचा हनिमून त्या पडद्यापुढेच झाला आहे.

२. कॅमेरा व लांब लेन्स मेहरीनने घ्यावी असे माझे मत आहे, कारण ही खोड तिनेच लावली. तिची आई गेल्यावर तिने मला सहा महिने आपल्याकडे इंग्लंडला नेले. दर रविवारी तिथली पेन्शनर मंडळी आम्हाला रानात फिरायला नेत. गळ्यात दुर्बीण, अंगात रेनकोट, आणि मुठीएवढा रॉबिन पक्षी दिसला की सगळे श्वास रोखून उभे. पण मला खरे नवल वाटले ते पायवाटेचे. दुसऱ्याच्या उभ्या गव्हातून वाट जाते, कुंपणावर पिवळा बाण असतो, आणि मालक भेटला तर गुड मॉर्निंग म्हणतो. मी दर वेळी त्याच्या हातात काठी शोधत असे. मेहरीन म्हणाली, "अब्बा, इथं वाटेवरून कुणी भांडत नाही." मला त्या लोकांची कीव आली. बांधाचे भांडण नाही, मग माणसाने म्हातारपण काढायचे कशावर?

३. राहुरी तालुक्यातली वडिलार्जित जमीन. हिला लागून कानिफनाथ ढोकणे यांचे शेत आहे. नगरच्या लोकांनाही असे रानात फिरवावे म्हणून मी परत येताच मधल्या बांधावरच्या बाभळीला एक पिवळा बाण ठोकला. कानिफनाथ यांना ती मोजणीची खूण वाटली.

"ह्यो बाण कुनी मारला?"

"निसर्गासाठी आहे."

"निसर्गाच्या नावानं सातबारा हाय का? दाखवा."

त्यांनी दावा लावला. कोर्टाने 'जैसे थे' ठेवायला सांगितले : दोघांपैकी कुणीही तिथे नांगरायचे नाही, खणायचे नाही, तोडायचे नाही. मग त्या पट्टीत तरवड माजला, गवत कमरेला लागले, टिटवीने अंडी घातली आणि खोकडाच्या जोडीने, म्हणजे आपल्याकडच्या त्या लहान कोल्ह्यांनी, बीळ केले. आम्ही दोघे मात्र एकमेकांवर पहारा द्यायला रोज हजर. एका सकाळी कानिफनाथ यांनीच हाक मारली, "तांबोळी, पिल्लं भाईर आल्यात. तुमचं ते नळकांडं घिऊन या." तेव्हापासून ते त्यांच्या हद्दीत बसतात, मी माझ्या हद्दीत. चहा त्यांच्या घरून येतो. बायको गेल्यानंतर इतके चांगले दिवस मला मिळाले नव्हते.

४. जीशानला हा दावा तडजोडीने मिटवून तिथे प्लॉट पाडायचे आहेत. नाव ठरले आहे 'फॉक्स व्हॅली'. फ्लेक्सवर मी काढलेला खोकडाचा फोटो आहे. फोटो टांगायचा आणि खोकड हाकलायचे, हा धंदा त्याला चांगला जमेल. माझी सही मिळत नाही म्हणून अडले आहे. माझी माती झाल्यावर अडणार नाही.

५. म्हणून, माझ्या अधिकारातल्या तृतीयांशातून मी वादग्रस्त बांधपट्टीवरचा माझा सर्व हक्क, त्यावरच्या दाव्यासकट, माझी धाकटी बहीण बद्रुन्निसा, राहणार संगमनेर, हिला देतो. मला मुलगा असल्यामुळे ती माझी वारस नाही, तेव्हा हे देणे चालते. दुधाच्या फॅटवरून तिने एका डेअरीशी धरलेला अबोला ती डेअरी बंद पडली तरी सुटलेला नाही. तिने दावा जिंकू नये, हरू नये, आणि तडजोड तर मुळीच करू नये. वकिलांना याबाबत वेगळी सूचना लागणार नाही.

६. माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला कानिफनाथ यांना बोलवावे आणि जीशानच्या शेजारी बसवावे.

साक्षीसाठी कानिफनाथ यांनाच बोलावले. कलम पाच वाचून त्यांनी विचारले, "बहीन लई भांडखोर हाय का?" मी म्हणालो, "लई." त्यांनी कलम पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "तरी तुमच्यावानी न्हाई जमायचं." आणि पेन मागितले.

भिंगार, दि. १२ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : कादर दगडूभाई तांबोळी (सही)

साक्षीदार :
१. डॉ. पंकजा कुलट (सही)
२. कानिफनाथ भागवत ढोकणे, सदर दाव्यातील वादी (सही)
सहीखाली त्यांच्याच हाताने : दावा मागं घेनार न्हाई. पोरालाबी सांगून ठिवलंय.