दोन ठिपक्यांच्या पुढे

बाबा, आज नातीला इंग्रजीतला कोलन शिकवायला बसले आणि तोंडातून तुमचंच निघालं: आधी पाट धड मांडायचा, मग वाढायचं. ती हसली. मी मात्र तिची वही मिटली.

हळर्णात आपल्या घराच्या सोप्यावर लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. तुम्ही आधी सगळं ऐकून घ्यायचात. मग ‘आय हॅव थ्री रिक्वेस्ट्स’ असं पुरतं वाक्य लिहायचात. ‘माय रिक्वेस्ट्स आर’ असं लोंबकळतं ठेवून ठिपके दिलेले तुम्हाला खपायचे नाहीत. त्या पुरत्या वाक्यापुढे दोन ठिपके. आणि तिथे पेन उचलून समोरच्याला विचारायचात, “आता सांग, तुका नेमकां काय होयां?” तो बोलेपर्यंत तुम्ही थांबायचात. कितीही वेळ.

गोवा घटक राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मला कचेरीत नोकरी लागली आणि मी दीड शहाणी झाले. एक दिवस शिरगावची एक बाई अर्ज घेऊन आली. आपल्याच गावची माहेरवाशीण. खाणीवरची तांबडी माती पावसात तिच्या शेतात उतरत होती. मागण्या तीनच: बांध घाला, गाळ काढा, विहीर तपासा. तुमचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. साहेब नवे होते, बाहेरचे. त्यांनी ठिपक्यांभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, “हे काय, गंध लावलंय? कोणी लिहिलं?”

मी हसले, बाबा. वर म्हटलं, “असेल कोणी गावठी अर्जवाला. बाई, नीट लिहून आणा.” जीभ कशी झडली नाही माझी! तिने कागदाची घडी केली आणि गेली. ती परत आली नाही. पुढच्या पावसात तिचं शेत गेलं.

मी हसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पदेराचा उंडो चहात बुडवत तुम्ही विचारता, “कोलन चुकलो काय गो, बाय?” मी तव्यावरून नजर न काढता म्हणते, “हय. आता तसं लिहीत नाहीत.” धडधडीत खोटं. तुम्ही आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहता. चहा निवून जातो. त्यानंतर तुम्ही एकही अर्ज लिहिला नाहीत. कोणी आलं की म्हणायचात, “बायकडे जा, ती शिकल्ली.”

मी मनाची समजूत घालत राहिले, की तुम्ही फक्त कागदावरचा लाल गोल पाहिलात, माझ्या हसण्याचं तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. तुमच्या बाराव्याला ती बाई आली. जेवली, पान उचललं आणि जाताना हळूच म्हणाली, “मियां तेंका त्याच दिसा सगळां सांगलंय गो.”

म्हणजे त्या सकाळी तुम्ही कोलनचं विचारतच नव्हता. तुम्ही पेन उचलून माझ्यासाठी थांबला होता. आणि मी मेली भाकरी परतत राहिले.

हा कागद कुठे पाठवणार? तुमच्या ट्रंकेत ठेवते. पाट आता मांडलाय, धड आहे का बघा. मला एकच गोष्ट सांगायची आहे: ती हसणारी मी होते.