दुसरा कप

५ ऑक्टोबर, रविवार
बावीस वर्षं पोरं शिकवली, आणि आता म्हणे शिक्षक पात्रतेची टीईटी परीक्षा पास व्हा, न्हाईतर घरी बसा! ह्या वयात! सकाळी जीपनं शाळा, आल्यावर स्वयंपाक — वाचू कधी? ह्यांना म्हटलं, माझ्यानं न्हाई व्हायचं. हे म्हणाले, "पहाटे ऊठ की. चहाचं मी बघतो."

८ ऑक्टोबर
पहाटेचा चहा म्हणजे लय भारी! आलं घातलेला, कडक. घोट पोटात गेला की डोळे टक्क उघडतात, बालमानसशास्त्राची पानं सरसर जातात. हे कप ठेवतात, सदऱ्याच्या टोकानं माझा चष्मा पुसून देतात आणि निघतात. "तुमचा?" "घेतला की आत."
ह्यांचा चेहरा मात्र उतरलाय. डोकं ठणकायलंय म्हणे.

९ ऑक्टोबर
अगं बाई! हे तहसीलसमोर टेबल टाकून खरेदीखतं लिहितात. ह्यांच्या कागदात आजवर कुणाला खोट सापडली न्हाई. आज दत्तरावांच्या खतात घेणाराच्या जागी विकणाराचं नाव टाकलं! दत्तराव ओरडले, "मार्तंडराव, मी रान घ्यायला आलोय. तुमी माझंच विकायलात की!" सह्या व्हायच्या होत्या म्हणून निभावलं. घरी आले ते कपाळाला रुमाल बांधूनच. जेवताना डुलक्या.

१० ऑक्टोबर
बीपी तपासून आणलं. ठीक आहे. "उन्हाचं असंल," म्हणाले. मला काही पटत न्हाई. पुस्तक पुढ्यात आणि जीव ह्यांच्यात.

१२ ऑक्टोबर
हाव वाईट. एका कपात एवढं वाचून होतं तर तिनात पुस्तकच संपेल — असा हिशोब केला! कशाचं काय. छातीत धडधड, बोटं थरथर, एकच ओळ पुन्हापुन्हा. धड्याचं नाव 'अवधान'. अवधान म्हणजे काय ते वाचताना माझंच अवधान गायब! हे दारातून बघून हसले. खूप दिवसांनी हसले.

२१ ऑक्टोबर
दिवाळीला प्राची आलीय. पोरगी फार्मसी शिकायलीय त्याचं आज चीज झालं. फराळाबरोबर सगळ्यांना चहा दिला. ह्यांच्या कपावर साय धरली तरी कप तसाच. प्राची म्हणाली, "बाबा, चहा कधी सोडला?"
हे लाडूच चावत बसले.
"रोजचा चहा एकदम बंद केला की डोकं दुखतं, झोप येती, कामात ध्यान लागत न्हाई. हप्त्या-दीड हप्त्यात उतरतं. पण सोडला कशाला?"
मग बोलले एकदाचे. मारुतीपुढं बोलून आलेत — ही पास होईस्तोवर चहाला शिवणार न्हाई!
मी शिव्याच घातल्या. चहा घेतल्याशिवाय ज्याला पायातली चप्पल सापडत न्हाई, तो माणूस! आणि रोज पहाटे आलं ठेचून, तोच वास घेत, माझ्यासाठी उकळायचा! मग मीच रडले. अस्सा वेडा नवरा कुणाला मिळतो?
प्राचीनं मलाही झापलं. "आई, चहा थकवा घालवत न्हाई, नुसता लपवतो. एक कप घे आणि झोपत जा."

२३ नोव्हेंबर
परभणीला पेपर देऊन आले. सकाळी एकच कप घेतला, हात स्थिर होते. गणितानं मात्र नडवलं. बाहेर हे भाजक्या शेंगा घेऊन उभे. टपरीवर मला चहा, स्वतःला पाणी. मारुतीचा राग आला मला.

१४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाच्या बायकांसाठी पातेलंभर चहा ठेवला. हे उठून अंगणात जाऊन बसले. निकाल अजून न्हाई.

१७ जानेवारी
नापास. तीन गुणांनी.
मी मोबाईल पालथा घातला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. हे उठले. आत गेले. आलं ठेचल्याचा आवाज आला. बाहेर आले ते दोन कप घेऊन! माझ्यापुढं बसले आणि फुर्र करून प्याले.
"अहो, नवस!"
"मी परीक्षेपुरतं बोललो होतो. पास व्हायचं कोण म्हणालं? पी, गार व्हायलाय."
साफ खोटं. परीक्षा होऊन इतके दिवस झाले, एका थेंबाला शिवले न्हाईत. शनिवार चुकवत न्हाईत, असा देवाला भिणारा माणूस — मला वाईट वाटू नये म्हणून मारुतीला दिलेला शब्द मोडला. मी निमूट चहा प्याले. एवढा गोड चहा जन्मात प्याले न्हाई.

१८ जानेवारी
पहाटे उठून पुस्तक उघडलं. हे कप घेऊन आले, चष्मा पुसून दिला. "तुमचा?" "घेतला की आत."
आत जाऊन बघितलं. दुसरा कप फळीवर पालथा, कोरडा ठाक.
आता पास व्हायलाच पाहिजे.